काठ कुठे बदलला

आमच्या घरी मागावरची साडी घरात राहत नसे. नियम वगैरे कोणी केला नव्हता, तसं होतच आलं होतं. साडी मागावरून उतरली, घडी झाली, की ती गिऱ्हाइकाची. आई जन्मभर त्या साड्यांसाठी कांड्या भरत आली. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती छोटी नळी. चरखा फिरवून तिच्यावर सूत गुंडाळायचं. हाताखालून एवढं रेशीम गेलं आणि अंगावर मात्र सीताबर्डीच्या सेलमधली सिंथेटिक साडी. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मोठी झाल्यावर दिसलं, आणि मग फार राग यायला लागला. कोणाचा, ते मात्र नीट सांगता यायचं नाही.

यंदा होळी झाल्यावर बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "आता पुढचा ताणा शेवटचा. खांदा आता आयकत नाही माहा." ताणा म्हणजे मागावर चढवतात ते उभे धागे, आणि त्या ताण्यावर दोनच साड्या निघणार होत्या. नंतर माग काढायचा, त्याचा खड्डा बुजवायचा, आणि दोघांनी गोळीबार चौकामागची गल्ली सोडून हुडकेश्वरला माझ्याकडे राहायला यायचं. मी हात धुता धुता ठरवलं की दोनातली एक आईची. मी कॉलेजात असताना ती कोणाच्या तरी लग्नाहून आली होती आणि चपला काढता काढता म्हणाली होती, "पांढऱ्या अंगाचं, जांभळ्या काठाचं लुगडं काय सुंदर दिसते वं." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मी मात्र विसरले नव्हते. आता नाही झालं तर कधीच होणार नाही.

मी वेबसाइट बनवते. आठवडाभर कंपनीच्या, आणि बाबांसाठी एक छोटीशी घरची. तिच्यावर गिऱ्हाईक साडीच्या अंगाचा रंग निवडतं, काठ निवडतं, पदर निवडतं. मग बाबांच्या फोनवर साडीचं चित्र जातं आणि चित्र पाहून बाबा विणतात. मधली सगळी ये-जा कंट्रोलर नावाचा कोड करतो. दुकानात गल्ल्यापुढे उभा असलेला माणूस करतो तेच काम: बाहेरच्याचं ऐकायचं, आत सांगायचं, आतलं बाहेर आणून द्यायचं. माझ्या त्या प्रोग्रॅममध्ये साडी ही एक वस्तू आहे आणि तिच्या पोटात काठ ही दुसरी वस्तू. आमच्या भाषेत ऑब्जेक्ट. लिहिताना मी फार खूश होते स्वतःवर, कारण खऱ्या साडीतही काठ तसा वेगळाच विणला जातो. आमच्याकडे करवती काठ, तीन धोट्यांचं काम. मधला धोटा अंगाचा, बाजूचे दोन काठांचे.

एका शनिवारी दुपारी मी आईबाबांकडे बसून आईची ऑर्डर टाकायला घेतली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कूलरला नवी खस लावलेली, तिचा ओला वास सगळ्या खोलीभर. आई आत चरख्यावर, बाबा आधीचा ताणा संपवत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आणि मी दोघांच्या मधे भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. या खोलीत दुपारी कोणीच पूर्ण जागं नसतं असं मला लहानपणापासून वाटत आलंय. बाबांचे हात चालू असतात, पण बाबा कुठेतरी दुसरीकडेच असतात.

मी रंग भरले, गिऱ्हाइकाची जागा कोरी सोडली आणि बटण दाबलं. स्क्रीनभर लाल अक्षरं. नल ऑब्जेक्टवर मेथड चालवता येत नाही, अशी तक्रार. म्हणजे झालं होतं असं, की माझा कंट्रोलर गिऱ्हाइकाला पत्ता विचारत होता आणि तिथे गिऱ्हाईकच नव्हतं. "अबे, कोणी नाही ना तिथं! कोणाले विचारून राहिला?" मी त्याच्यावर ओरडले. बाबांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

ओरडले खरी, पण कोड माझाच होता. साडी असेल आणि तिला गिऱ्हाईक नसेल, अशी शक्यता मी त्यात कुठे धरलीच नव्हती. 'जर गिऱ्हाईक असेल तर' अशी एक साधी अट टाकली असती तर भागलं असतं. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर त्याने टाकली असती. कापडवाल्या शेटजीच्या मुलीने तर पहिल्याच दिवशी टाकली असती, तिच्या घरी कपाटं भरलेली असतात. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मी त्या लाल ओळीकडे बघत राहिले आणि मला एकाएकी रडूच यायला लागलं. मग कूलरमध्ये पाणी टाकायच्या निमित्ताने मी उठले.

आईलाच गिऱ्हाईक करावं, तर नोंदणीचा मेसेज तिच्या फोनवर जाणार. आईला मेसेज आला की तो शेजारच्या काकूपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवला जातो. गुपित राहण्याची आशाच सोडा. मग मी पळवाट काढली. सावनेरच्या एका मास्तरीणबाईंची ऑर्डर आधीच आली होती: पांढरं अंग, हिरवा काठ. माझ्या साइटवर 'साडीची नक्कल' असं एक बटण आहे. जावाजावांना सारख्या साड्या लागतात, म्हणून मी ते ठेवलेलं. ते दाबलं. बाईंची साडी होती तशीच दुसरी तयार झाली. ती मी त्यांना दिसणार नाही अशी लपवली, अंग थोडं दुधी केलं आणि काठ जांभळा. पडद्यावर ती साडी उमटली तेव्हा मला हसू आवरेना. आईने आतून विचारलं, "काहून हसून राहिली वं एकटीच?" मी म्हटलं, "ऑफिसचं आहे." बाबांना वाटलं, बाईंनी दोन साड्या सांगितल्या. त्यांनी काही विचारलं नाही. ते विचारत नाहीतच.

सोमवारी मास्तरीणबाईंचा फोन. "ताई, माह्या साडीचा काठ जांभळा काहून दिसून राहिला? मी तं हिरवा सांगतला होता."

"तुमच्या हातून दाबल्या गेलं असन, मॅडम."

"मी कायले दाबू? मी फक्त पाहाले उघडली!"

"बरं बरं, मी करून देते," मी म्हटलं, आणि कंपनीची मीटिंग चालू असतानाच एका हाताने त्यांचा काठ पुन्हा हिरवा केला. तुम्ही लोक वाट्टेल तिथे बोटं लावता आणि वरून आम्हालाच विचारता, असंही मनात म्हणून घेतलं. मीटिंग फार लांबली. बाहेर हुडकेश्वरच्या मोकळ्या प्लॉटांवरून गरम वारा येत होता आणि मी खिडकीशी बसून जांभळ्या काठाचा विचार करत होते. आई ती साडी पहिल्यांदा कधी नेसेल, नेसून आरशापुढे उभी राहील की नाही, असलं काहीबाही.

पुढे कंपनीच्या कामात मी अडकले आणि गल्लीत जायला जमलं नाही. गेले तेव्हा बाईंची साडी संपत आली होती. दारातूनच मला मागाच्या पलीकडे गुंडाळलेला ताणा दिसला, आणि मी चप्पल न काढता तशीच उभी राहिले. काठाचे धागे हिरवे होते. पुढचे हिरवे, मागचेही हिरवे, पार शेवटपर्यंत. आमच्याकडे काठाचे उभे धागे रंगाऱ्याकडे जातात तेव्हा अर्धी लांबी एका रंगात आणि अर्धी दुसऱ्या रंगात बुडवून आणता येते. साड्या दोन रंगांच्या असल्या की बाबा तसंच करतात. इथे तसं काही केलेलं नव्हतं.

"बाबा, दुसऱ्या साडीचा काठ?"

"हिरवाच नं. चित्रात हिरवा होता."

"जांभळा होता!"

बाबांचे हात थांबले. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. "जांभळा?" ते म्हणाले. "मले तं हिरवा दिसला, बेटा." मग डोळ्यांवर हात धरून, जरा हळू, "खांद्यासंगं डोयेही गेले काय आता?"

त्यांचा तो आवाज ऐकून मी चप्पल दारातच टाकून आत धावले. मी त्यांच्या फोनवरचं चित्र पाहिलं. हिरवा. लॅपटॉपवर ऑर्डर उघडली. हिरवा! माझ्या या हातांनी जांभळा केलेला काठ बसल्या जागी हिरवा झाला होता. "डोये शाबूत हायेत तुमचे," मी बाबांना म्हटलं, "माह्याच कोडात भूत शिरलं आहे." बाबा पुन्हा विणायला लागले. ती साडी संपायला संध्याकाळ पुरे होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी सुरू होणार होती. आईची.

मी भिंतीशी माझ्या जागेवर बसले आणि भूत शोधायला लागले. कोड चालवताना मधेच थांबवायची सोय असते. एक ओळ चालते, थांबते, तुम्ही आत डोकावून बघता, मग पुढची ओळ. मी बाईंची साडी उघडली, तिची नक्कल केली, थांबवलं. दोन साड्या. पुढची ओळ. दुसरीचं अंग दुधी केलं. पहिलीचं पांढरंच राहिलं. बरोबर. म्हणजे वस्तू दोन आहेत, एकच नाही. मग काठ हिरवा कोणी केला? मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

उन्हाळ्यातल्या दुपारी हे असं काम करत बसलं की कोड आणि झोप यांच्यात फार अंतर उरत नाही. ओळ, थांबा, ओळ, थांबा. मागाचं खटक-खट, चरख्याची घरघर, कूलरची थेंबथेंब. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडलेला असतो, तो सरकत सरकत माझ्या पायावर आला. डोळे मिटले तर मला कुठल्याशा गच्चीवरच्या दोरीवर दोन साड्या वाळत घातलेल्या दिसल्या. वारा सुटला होता. एकीचा काठ हलला की दुसरीचाही हलायचा, आणि मी पळत जाऊन दुसरीचा धरायची तर माझ्या हातात पहिलीच यायची. आई खालून विचारत होती, वाळल्या का वं? मी म्हणत होते, कोणती? दोन्ही ओल्याच होत्या.

जागी झाले तेव्हा स्क्रीन तशीच थांबलेली होती. मी साडीच्या पोटात शिरले. चालू प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वस्तूला एक ओळखीचा आकडा असतो. बाईंच्या साडीचा आकडा वेगळा, आईच्या साडीचा वेगळा. मग मी बाईंच्या साडीतला काठ उघडला आणि त्याचा आकडा पाहिला. आईच्या साडीतला काठ उघडला. तोच आकडा.

मायबाई! काठ एकच होता. माझ्या बटणाने साडीची नक्कल केली होती, तिच्या पोटातल्या काठाची केलीच नव्हती. नक्कल वरवरची. दोन साड्या एकाच काठाकडे बोट दाखवत बसल्या होत्या. मी आईसाठी जांभळा केला तेव्हा सावनेरच्या बाईंचाही जांभळा झाला, आणि त्या बिचाऱ्या खरं सांगत असताना मी त्यांना उडवून लावलं. मग त्यांचा हिरवा केला, आणि आईचाही हिरवा झाला. अंगाचा रंग ही वेगळी वस्तू नव्हती, साडीतच लिहिलेला नुसता शब्द होता, म्हणून तो वेगळा उतरला आणि मला शंका आली नाही.

कोड दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. साडीची नक्कल झाली की काठाचीही कर, पदराचीही कर, असं लिहिलं. चालवून पाहिलं. एकीचा जांभळा, दुसरीचा हिरवा, आपापल्या जागी. आता या दुरुस्तीचा उपयोग काय, शेवटचा ताणा तर मागावर आहे! मी लॅपटॉप आपटून बंद केला. स्क्रीनवरचा काठ मी दिवसभर बदलू शकत होते, आणि समोर लाकडावर गुंडाळलेला तो हिरवा काही केल्या बदलणार नव्हता.

आई पाणी भरायला मागे गेली होती. मी बाबांच्या शेजारी खड्ड्याच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. दुसरी साडी बाईंची नाही. आईची आहे. जांभळा काठ तिला पाहिजे होता आणि माझ्या चुकीने तो गेला. सांगता सांगता लहान मुलीसारखी रडले मी.

बाबांनी धोटा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तिले जांभळा आवडते?"

"हो."

"मले कधी बोल्ली नाही."

"तुम्ही विचारलं होतं का?"

त्यांनी ताण्यावरून हात फिरवला, काठाचे हिरवे धागे दोन बोटांत धरून उजेडाकडे केले. "तोडून नवे सांधाले डोये पायजेत. ते जमत नाही आता," ते म्हणाले. "पण उभा हिरवा राहू दे. आडवा जांभळा टाकू. धूपछाव होईन. इकून पाह्यलं तं हिरवा, तिकून पाह्यलं तं जांभळा. चालन का तिले?"

मला काय माहीत चालेल का. पण मी मान हलवली.

सकाळी मी परत गेले तेव्हा बाईंची साडी उतरली होती आणि बाबा कोपऱ्यातल्या पेटीतून जांभळ्या रेशमाची लड काढत होते. ती त्यांनी आईपुढे ठेवली. "काठाच्या कांड्या याच्या भर."

आईने लड पाहिली, मागाकडे पाहिलं. "अवो, डोकं फिरलं काय तुमचं? हिरव्या ताण्यावर जांभळं? गिऱ्हाईक फेकून मारन तोंडावर."

"नाही मारत."

"असं कोणतं गिऱ्हाईक आहे तुमचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. शेवटी बाबाच बोलले, "तुह्यी आहे ते साडी."

सुताचं एक टोक आईने सवयीने बोटावर घेतलं होतं, ते तसंच राहिलं. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले: लग्नाहून आलीस तेव्हा तू म्हणाली होतीस, मग ते बटण, मग तो काठ. तिने यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मग तिने टोक सोडलं, लड उचलून चरख्यावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी नाही भरत," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं सगळं. घरात साडी ठेवायची नाही म्हणजे नाही, असंच ती म्हणणार.

"जगाच्या कांड्या भरल्या आतापर्यंत," आई म्हणाली, "आता माह्या लुगड्याच्याही मीच भरू? भरा तुमी बापलेक!"

आणि बाबा चरख्यावर बसले. मी जन्मल्यापासून त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. पहिलं सूत लगेच तुटलं. दुसऱ्या कांडीचं पोट फुगलं, टोकं रिकामी राहिली. आई डोक्यावर उभी: "हलका धरा, हलका! बैलाचा कासरा आहे काय तो?" मी धरून पाहिलं तर माझ्या हातात त्याहून वाईट. आई पदर तोंडाला लावून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती, पण बोट लावलं नाही तिने. दुपार होईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून कशाबशा, वेड्यावाकड्या, काठापुरत्या कांड्या भरल्या.

बाबा खड्ड्यात उतरले. पहिले काही धागे गेले आणि काठ दिसायला लागला: हिरवा, आणि मी जरा बाजूला झाले की जांभळा. मी आईला बोलवायला वळले. ती उंबऱ्यात बसली होती. चरखा बंद होता. हात मांडीवर उलटे पडलेले, रिकामे. मला वाटलं तिचा डोळा लागलाय, पण ती जागी होती आणि मागाकडे बघत होती.

"असा आवाज येते का वं मागाचा?" ती म्हणाली. "माह्या चरख्याच्या घरघरीत मले कधी आयकूच आला नाही."